थंड आणि गार

माझ्या नणंदेबद्दल कोणी गहिवरून बोलू लागलं की मी एकच विचारते, "तुम्ही तिच्याबरोबर एका घरात राहिला होतात का?" मग समोरचा माणूस विषय बदलतो. मी राहिले होते, सव्वीस वर्षं. त्यातली अकरा तर एकाच प्रयोगशाळेत, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे काढली. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचा अधिकार मला आहे, आणि गोड लिहायची सक्ती माझ्यावर नाही.

ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तोंडावर मी तिला "वन्सं" म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे, आणि ती ते कान टवकारून ऐकायची, चुकून एकेरी निसटतंय का म्हणून. इथे कागदावर मी तिला "ती"च म्हणणार आहे. आता ती नाही. असती तरी म्हटलं असतं.

लग्न तिने केलं नाही. "कोणी विचारलं नसेल," असं शेजारणी म्हणत. "कोणाची टाप नव्हती," असं माझा नवरा म्हणे. शाळा झाल्यावर दोन वर्षांचा तांत्रिक कोर्स, मग प्रयोगशाळेतली नोकरी, आणि तिथे एकच यंत्र. बावीस वर्षं त्या यंत्राला तिच्याखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. ते यंत्र लेझरने कार्बनचे पातळ थर वाढवायचं, म्हणून तिला पाठीमागे सगळे "कोळसेबाई" म्हणत. एकदा आस्थापनेतला कारकून चुकून तोंडावरच म्हणून गेला. ती शांतपणे म्हणाली, "कोळसा मी हाताळते. तोंड तुमचं का काळं झालं?" त्याने महिनाभर तिच्या खोलीवरून जायचा रस्ता बदलला.

यंत्र म्हणजे मोठ्या पातेल्याएवढं जाड पोलादी भांडं, त्याला चेंबर म्हणायचे. आत एका बाजूला ग्राफाइटची चकती सावकाश फिरत असे. ग्राफाइट म्हणजे शिसपेन्सिलीत असतो तोच कार्बन. तिच्यासमोर चार बोटांवर एक होल्डर, आणि होल्डरवर सिलिकॉनचा नखाएवढा चकचकीत तुकडा. पंपाने आतली हवा काढून घ्यायची आणि काचेच्या खिडकीतून ग्राफाइटवर लेझरचे शॉट मारायचे. दर शॉटला निळसर-पांढरा झोत उठतो आणि समोरच्या तुकड्यावर जाऊन बसतो. हजारो शॉट झाले की केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा थर जमतो.

माल तोच असला तरी थर तोच येत नाही, ही यातली खोच. झोत जोरात आला आणि समोरचा तुकडा तापलेला नसला, तर कार्बनचे अणू आपटून जागच्या जागी घट्ट बसतात, बरेचसे हिऱ्यातल्यासारखे. तो थर असा कडक की पोलादी सुई त्याच्यावरून घसरते. तुकडा दीडशे-दोनशे अंशांच्या वर तापलेला असला, तर त्याच अणूंना हातपाय पसरायला सवड मिळते, आणि ते पुन्हा पेन्सिलीतल्यासारखे सैल होऊन बसतात; अशा थरातून वीजही सहज जाते. आत हवा राहून गेली तर झोताचा जोर वाटेतच मोडतो. लेझर मंद असला तरी तेच. हे सगळं मला तिनेच शिकवलं असं कोणाला वाटेल. नाही. हे मी पुस्तकातून शिकले. तिने मला आयुष्यात काही शिकवलं असेल तर ते एकदाच, आणि तेही दात-ओठ खाऊन.

मी लग्नाआधीच बी.एस्सी. झालेली होते. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा प्रयोगशाळेच्या मोजमाप विभागात जागा निघाली. मी अर्ज केला. नणंदबाई त्याच दुपारी थेट संचालकांकडे गेल्या, म्हणाल्या, "ती माझी भावजय आहे. हुशार आहे, पण घाईची आहे. मोजमापाला नका घेऊ." साहेबांनी मला घेतलं आणि पहिल्याच दिवशी हसत हसत हे वाक्यही ऐकवलं. त्यांना तो विनोद वाटला. मला नाही वाटला.

घरी स्वयंपाकघर एक, पण मिठाच्या बरण्या दोन होत्या. माझ्याशी सरळ बोलणं तिला कमीपणाचं वाटे. मी दोन हातांवर उभी असताना ती माझ्याकडे पाठ करून भावाला सांगे, "तुझ्या बायकोला सांग, शेगडी पुसायची असते."

"ताई, ती ऐकतेय."

"ऐकत असती तर पुसली असती."

कामावरही तोच कारभार. तिची खोली आणि माझी खोली यांच्यामधल्या भिंतीत वीतभर खिडकी होती. तिथून ती थर दिलेले तुकडे कागदी पाकिटांत घालून सरकवायची. पाकिटावर तारीख आणि क्रमांक, बाकी अवाक्षर नाही. मी जाडी, कडकपणा आणि विजेचा रोध मोजायचे आणि चिठ्ठी परत सरकवायचे. आठ वर्षं आम्ही अशा बोललो. दोघींची काही तक्रार नव्हती.

मग नवे डॉक्टर आले, औषधाचे नव्हे, पीएच.डी.वाले. पस्तिशीचा, हुशार, मान वर करून माणसाकडे बघायला वेळ नसलेला गृहस्थ. शस्त्रक्रियेच्या हत्यारांना कडक थर द्यायचं काम प्रयोगशाळेला मिळण्यासारखं होतं. त्यासाठी दाखवायचं होतं की अमुक परिस्थितीत अमुकच थर येतो, आणि दर वेळी येतो. डॉक्टरांनी तिची दोन वर्षांची रजिस्टरं माझ्या टेबलावर आणून टाकली. "बाई, हे सगळं कॉम्प्युटरवर चढवा. शेजारी तुमची मोजमापं लावा. लवकर."

लवकर म्हटलं की मला चेव येतो. तिचं अक्षर गोल, मोकळं, खाडाखोड नावाला नाही. व्हॅक्यूम, लेझर, अंतर, सगळं आकड्यांत. फक्त तापमानाच्या रकान्यात घोळ होता. हीटर चालू असेल तेव्हा आकडा असायचा: शंभर, दोनशे, चारशे. हीटर बंद असेल तेव्हा आकडा नाही, कारण तापमान दाखवणारा डबा हीटरच्याच बटणावर चालायचा. हीटर बंद की डबाही आंधळा. तिथे ती शब्द लिहायची. थंड. थंड. गार. थंड. गार. मी मनात म्हटलं, या बाईला एक शब्द पुरत नाही. आणि दोन्हींच्या जागी २५ ठोकत गेले. खोलीचं तापमान, आणखी काय असणार? साडेआठशे ओळी मी नऊ दिवसांत संपवल्या आणि डॉक्टरांकडून शाबासकीही घेतली.

चार दिवसांनी डॉक्टर आलेख घेऊन तिच्या खोलीत शिरले. भिंतीतली खिडकी उघडीच होती. मी ऐकत होते. ऐकू येतच होतं.

"बाई, हे बघा. तापमान पंचवीस, व्हॅक्यूम तेच, लेझर तोच, अंतर तेच. एक थर काचेला ओरखडा काढतो आणि दुसरा बोटाने पुसला जातो. हे कसं?"

"मी पंचवीस कधी लिहिलेलं नाही."

"थंड लिहिलंत ना? थंड म्हणजे पंचवीस."

"माझं रजिस्टर वाचा."

"हा तक्ता रजिस्टरावरूनच केलाय."

"मग ज्यांनी केलाय त्यांना विचारा," ती म्हणाली आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलं. तेवढंच.

मला वाटलं, स्वतःचं निस्तरता येईना म्हणून माझ्यावर ढकलतेय. मी खिडकी लावून घेतली, पण पातळ लाकडाची होती ती.

"मी सांगतो काय होतंय," डॉक्टरांचा आवाज चढला. "व्हॅक्यूम पुरतं येईपर्यंत तुम्ही थांबत नाही. तसेच शॉट मारता आणि वहीत ठरलेला आकडा लिहून मोकळ्या होता. बावीस वर्षं कोणी तपासलं नाही, म्हणून चाललं."

पलीकडून झडप फिरवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर पंप थांबला. रागातही तिने आधी झडप बंद केली, मगच पंप. उलट केलं असतं तर पंपातलं तेल चेंबरमध्ये ओढलं गेलं असतं. मग दार आपटलं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी तिच्याकडून यंत्राची चावी काढून घेतली. पुढच्या गुरुवारी चौकशी. नोंदी बनावट ठरल्या तर यंत्रावरून काढून तिला स्टोअरमध्ये बसवणार, निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं. हे तिला सांगताना मी तिथेच होते. तिने फक्त विचारलं, "चेंबर कोण उघडणार? झाकणाखालची रबरी कडी कोरडी पडते." साहेब म्हणाले, तो तुमचा प्रश्न नाही.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भावाला म्हणाली, "स्टोअरमध्ये बसून खिळे नाही मोजणार मी. राजीनाम्याचा कागद फेकून घरी बसेन."

ती दिवसभर घरी! नवरा माझ्यामागे लागला, "तू तिथेच असतेस, काहीतरी कर ना."

"काय करू? लबाडी केली असेल तर भोगेल."

"ताई भांडेल, डूख धरेल, दहा वर्षं एखाद्याचं तोंड बघणार नाही. पण खोटं लिहील?"

लिहिणार नाही हे मलाही ठाऊक होतं. पण खिडकीतून तिने माझ्याकडे जे बघितलं होतं ते माझ्या डोक्यातून जाईना. माझं काम चुकलेलं नाही हे मला तिच्या तोंडावर फेकायचं होतं. तिला वाचवायला म्हणून नव्हे, तिला खोटं पाडायला म्हणून मी मंगळवारी दुपारच्या सुट्टीत रजिस्टरं पुन्हा काढली आणि जेवणाचा डबा न उघडता ओळ न् ओळ ताडून बघायला बसले.

तिसऱ्या पानावर मला पहिली शंका आली. "गार" होतं ते दर वेळी त्या दिवसाच्या पहिल्या ओळीत. मी पुढची पानं उलटली. दुसऱ्या ओळीत गार कधीच नाही, तिसऱ्या ओळीत नाही. दुपारच्या नोंदींत फक्त "थंड". आणि थंडच्या वरची ओळ बघावी तर चारशे, कधी दोनशे, कधी पुन्हा चारशे.

मी माझी मोजमापाची वही शेजारी ठेवली. जेवढे गार होते तेवढे सगळे थर कडक. एकशे एकोणीस, एकालाही अपवाद नाही. थंडचे मात्र सगळ्या तऱ्हेचे. चारशेच्या पाठोपाठ केलेले मऊ, मध्ये दोन-तीन तास गेलेले बरे, त्याहून जास्त वेळ गेलेले आणखी बरे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची गोष्ट, आणि मला सुचली नव्हती. भोवती हवा नसली की तापलेली वस्तू निवत नाही. थर्मासमधला चहा का टिकतो? तुकडा बदलायला तिच्या चेंबरला बाजूची नळी होती, त्यामुळे मोठं भांडं दिवसभर उघडावं लागत नसे. आत हवा नाही. हीटर बंद केला तरी होल्डर तासन्‌तास तापलेलाच, आणि त्याच्यावर बसवलेला नवा तुकडाही त्याच्याबरोबर तापायचा. तिने "थंड" लिहिलं ते हीटर बंद एवढ्याच अर्थाने. "गार" म्हणजे कालपासून हात न लावलेला, आतून-बाहेरून गार होल्डर. तिने दोन गोष्टींना दोन शब्द वापरले होते. त्यांचा एक आकडा मी केला होता.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली तेव्हा मी दारात उभी राहिले.

"वन्सं, गार आणि थंड यांत फरक काय?"

ती पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "तू बी.एस्सी. ना?"

"मला कळलाय. तुमच्या तोंडून ऐकायचाय."

"कळलाय तर विचारतेस कशाला?"

"सांगितलं का नाहीत? डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगता आलं असतं!"

"आणि टाइप करताना तू विचारलं का नाहीस? मध्ये भिंत आहे. तिला खिडकी आहे."

"आठ वर्षांत त्या खिडकीतून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललात?"

"मग तू बोलायचंस. चूक तुझी, आणि तोंड उघडायचं मी?"

माझा नवरा बाहेरून म्हणाला, "अगं, हळू." आम्ही दोघी एकदम म्हणालो, "तू गप्प बस." आमचं एकमत झालेला तो एवढाच प्रसंग.

मी विचारलं, "होल्डर गरम आहे हे ठाऊक असून शॉट मारत का होतात?"

"दिवसाला चार नमुने पाहिजेत, असा हुकूम आहे. निवायला थांबू द्या म्हणून मी दोनदा लिहून दिलं. दोन्हीदा उत्तर आलं, वेळ नाही. तेव्हा मारते, आणि आहे ते लिहिते. आकडा दिसत नाही तिथे आकडा लिहिणार नाही. तो तू लिहिलास."

हे लागलं. मी म्हटलं, "गुरुवारी हे साहेबांना सांगा."

"मी नाही सांगणार."

"का?"

"मी सांगितलं तर ती सबब होते. तू सांगितलंस तर चूक होते. त्यांना चूक हवीय."

"म्हणजे मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल करायची, आणि तुम्ही हाताची घडी घालून बघणार."

"बघायला आवडेल," ती म्हणाली आणि पेला धुऊन, पुसून, तिच्या फळीवर उपडा घालून निघून गेली.

बुधवारभर मी तिला मनात शिव्या घातल्या. सांगितलं नाही तर ती जाईल स्टोअरमध्ये, किंवा माझ्या स्वयंपाकघरात. सांगितलं तर माझ्या आठ वर्षांच्या कामावर शेरा येईल आणि साहेबांना तिचं ते वाक्य आठवेल: हुशार आहे, पण घाईची आहे. गुरुवारी सकाळी मी दोन्ही वह्या काखेत मारून साहेबांच्या खोलीत गेले, आणि बसा म्हणायच्या आत बोलून टाकलं.

डॉक्टरांचा विश्वास बसेना. "हे सगळं दोन शब्दांवर?"

"चेंबर आहे, हीटर आहे," मी म्हटलं. "मारून बघा. तुम्हीच मारा."

चेंबर आठवडाभर बंद होतं, म्हणजे गारच होतं. पंपाला वेळ द्यावा लागला. डॉक्टरांनी स्वतः व्हॅक्यूम तपासलं, स्वतः शॉट मारले. ती दाराशी हात मागे बांधून उभी होती. पहिला तुकडा निघाला. मग हीटर लावला, चारशेवर तासभर ठेवला, बंद केला. नळीतून नवा तुकडा बसवला, वीस मिनिटं थांबले. डब्यावरचा आकडा विझलेला.

"आता काय लिहाल?" साहेबांनी तिला विचारलं.

"थंड," ती म्हणाली.

व्हॅक्यूम तेच, लेझर तोच, शॉट तितकेच. दोन्ही तुकडे माझ्याकडे आले आणि सगळे माझ्या मानेवर श्वास टाकत उभे राहिले. पहिल्यावर सुई घसरली, ओरखडा नाही, आणि त्यातून वीज म्हणाल तर जाईना. दुसऱ्यावर सुईने पेन्सिलीसारखी रेघ उमटली आणि मीटरचा काटा सरळ पलीकडे गेला. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. दोनदा वाचले, कोणी घाई म्हणू नये म्हणून.

डॉक्टरांनी ती रेघ नखाने खरवडून बघितली. मग तिला म्हणाले, "असले शब्द वापरायचे कशाला पण?"

"आकडा दाखवणारा डबा द्या. शब्द नाही वापरणार."

माफी त्यांनी मागितली नाही. तिनेही वाट बघितली नाही; साहेबांच्या टेबलावरून चावी उचलली आणि रबरी कडी तपासायला गेली. पंधरा दिवसांत होल्डरवर तापमानाची स्वतंत्र तार बसली, हीटर बंद असला तरी आकडा दाखवणारी. छापील तक्ते आले. नमुने दिवसाला चाराचे दोन झाले. हत्यारांचं काम मिळालं. मला लेखी ताकीद मिळाली: "नोंदी उतरवताना निष्काळजीपणा." ती ताकीद मी पिशवीत लपवून घरी आणली होती. तिने विचारलं, "मिळाली का?" मी म्हटलं, मिळाली. "वाचून दाखव," ती म्हणाली. नवरा म्हणाला, "ताई, पुरे." मी वाचून दाखवली. ती म्हणाली, "निष्काळजीपणा नव्हे. घाई. त्यांनाही शब्द नीट वापरता येत नाहीत."

आभार वगैरे काही नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, पण निदान टोचणं थांबेल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीतल्या खिडकीतून पाकिटं येऊ लागली तेव्हा त्यांवर तारीख-क्रमांकाखाली एक नवी ओळ होती. "गार, म्हणजे हीटर कालपासून बंद, होल्डर २३ अंश." "थंड, म्हणजे हीटर अकरा वाजता बंद, होल्डर अजून १६० अंश, निवलेला नाही." पहिलीच्या मुलीला समजवावं तसं. आकडा तक्त्यावर छापला जात असताना हे वर. दर पाकिटावर, न चुकता, तिच्या त्या गोल अक्षरात. मोजमाप विभागातल्या इतर दोघी ती पाकिटं एकमेकींना दाखवून हसायच्या.

दीड वर्ष मी सोसलं. मग एकदा खिडकी उघडून सरळ म्हटलं, "वन्सं, मला कळलंय आता. दीड वर्ष झालं. बंद करा हे."

ती पुढच्या पाकिटावर लिहीतच होती. मान वर न करता म्हणाली, "तुला कळलंय. तुझ्या जागी उद्या कोणी येईल, तिला कुठे कळलंय?"

निवृत्त होईपर्यंत ती लिहीत राहिली. तिचं बरोबर होतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.